आप्पांच्या गाडीचा नंबर

पुणे, १४ सप्टेंबर १९९७

तीर्थरूप दादास,

मुक्ताचा नमस्कार. (तीर्थरूप हे रीत म्हणून लिहिलं आहे. पत्र संपेपर्यंत तू त्या शब्दाला कितपत लायक उरतोस ते तूच बघ.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? बेळगावचा पाऊस ओसरला असेल आणि अंगणातल्या मांडवावर जाई भरभरून आली असेल. मे महिन्यात त्याखाली बसून खाल्लेले आंबे अजून आठवतात. इथे सगळं क्षेम आहे, म्हणजे मंगळवारी सकाळी दहापर्यंत होतं.

आप्पांची हिरवी बार्नस्टन मी चालती ठेवली आहे, हे तुला माहीत आहेच. शर्यतीसाठी बनवलेल्या अशा गाड्या विलायतेत एकंदर चाळीसच झाल्या. त्यातली एक आप्पांनी एकोणपन्नास साली मायदेशी निघालेल्या साहेबाकडून घेतली. पंचावन्न साली सोलापूर रस्त्यापलीकडच्या धावपट्टीवर शर्यतीत ते दुसरे आले. तेव्हा कुणीतरी उठून म्हणालं की ही गाडी अस्सल नाही, जोडतोडीची आहे, आणि पंचांनी कागद न बघताच त्यांचं नाव खोडलं. पुन्हा ते शर्यतीत उतरले नाहीत. पण दर रविवारी गाडी मंडईपर्यंत न्यायची आणि कुणी विचारो न विचारो, "अस्सल आहे" असं सांगायचं, हा नेम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. (लिंबू विकणाऱ्या बाईलाही सांगत.) आता जुन्या गाड्यांच्या क्लबाने दसऱ्यानंतरच्या रविवारी त्याच धावपट्टीवर शर्यत ठेवली आहे, फक्त अस्सल गाड्यांची. सुरुवातीला प्रत्येक गाडीच्या पहिल्या देशी मालकाचं नाव कर्ण्यावरून वाचणार आहेत. मी गाडीचं नाव नोंदवलं. चालवणार मीच. (वय त्रेपन्न. हेल्मेट अंबाड्याच्या खाली उतरत नाही, एवढीच अडचण.) पहिलं कुणीही येवो, ज्या जागी आप्पांचं नाव खोडलं तिथे ते एकदा मोठ्याने वाचलं जावं, एवढंच मला हवं होतं.

मंगळवारी क्लबाचे परीक्षक संपतराव आले. वय तिशीचं, हातात विजेरी, आणि सोनार मोडीच्या दागिन्याकडे बघतो तशी नजर. गाडीच्या पुस्तकात नंबर ३७ आहे. तोच बॉनेटखालच्या पितळी पाटीवर आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. बॉनेट उघडलं. पाटी लखलखत होती. संपतराव वाकले, सरळ झाले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले आणि विचारलं, की नंबर कुठे आहे. दादा, पाटीवर एकही आकडा नव्हता. संपतरावांचा चेहरा मात्र तिच्यात स्पष्ट दिसत होता, मिशीसकट.

खंडेनवमीला गाडीची पूजा. पूजा म्हटलं की पितळ घासायचं. आधी आई, मग मी. चिंच, मीठ आणि चाळलेली राख, अठ्ठेचाळीस वर्षं. (गाडीतलं आम्हांला दुसरं काही कळत नव्हतं, पितळ कळत होतं.) मी रसायनशास्त्राची पदवीधर. चिंचेतलं आम्ल पितळेवर काय करतं, हे मी तीस वर्षं मुलींना फळ्यावर लिहून दाखवलं आणि घरी येऊन आप्पांचा पुरावा पुसून टाकला. संपतरावांनी अतिशय अदबीने विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, पुढे काय बघायचं ते बघा.

पुढे म्हणजे खाली. तोच नंबर गाडीच्या सांगाड्यावर, पुढे डावीकडे ठोकलेला असतो. जरीना गाडीखाली शिरली. (शमशुद्दीन मिस्त्रींची मुलगी; नाना पेठेतलं गॅरेज आता ती चालवते. मिस्त्री ब्याऐंशीचे आहेत. त्या दिवशी आमच्या व्हरांड्यात खुर्चीवर चहा पीत होते.) जरीना कामात असली की तोंडाला विसावा नसतो. त्या दिवशी मध्येच थांबून तिने संपतरावांची विजेरी मागितली. मग खालून आवाज आला, की इथे नंबर नाही, उर्दूत काहीतरी कोरलंय. विलायतेतल्या कारखान्यात उर्दू कशी, असं संपतरावांनी विचारलं. ती म्हणाली, "अब्बांचं नाव आहे. आणि साल, चौसष्ट."

जरीना बाहेर आली आणि आम्ही तिघांनी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, "ताई, दादांना वचन दिलं होतं. पण आता माझंच अक्षर सापडलं."

पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण सांगते. चौसष्ट साली आप्पा कोर्टाच्या कामाला पंधरा दिवस नागपूरला गेले असताना तू किल्ली काढलीस, खडकवासल्याहून पुण्यापर्यंत मित्राशी पैज लावलीस आणि गाडी नाल्यात घातलीस. सांगाडा पिळवटला. मिस्त्रींनी आप्पा परतायच्या आत, रात्रीचा दिवस करून, लॉरीच्या पट्ट्यांतून हुबेहूब दुसरा सांगाडा केला आणि केलेल्या कामावर नाव घालायचं या आपल्या सवयीने नाव घातलं. हात गळ्यात बांधून तू घरी आलास आणि क्रिकेट खेळताना पडलो म्हणालास. आईने आठ दिवस तुला शिरा खाऊ घातला. तुझ्या प्रयोगवह्या मी लिहिल्या. माझी परीक्षा असताना!

म्हणजे पंचावन्न साली गाडी अस्सल होती तेव्हा तिला खोटी ठरवली, आणि अस्सल म्हणून मी नोंदवली तेव्हा ती खोटी निघाली. संपतराव म्हणाले, गाडी 'प्रतिकृती' म्हणून प्रदर्शनात उभी करता येईल, कर्त्याचं नाव शमशुद्दीन. मूळ सांगाडा सापडून पुन्हा बसवला तर मात्र शर्यत, आणि आप्पांचं नाव. यावर मिस्त्री म्हणाले, "मूळचा एका नाल्यात मोडला. माझा तेहेतीस वर्षं मोडला नाही. अस्सल कुठला ते तुम्ही शिकलेले लोक ठरवा." संपतरावांनी हे लिहून घेतलं नाही.

मूळ सांगाडा भंगारात द्यायला तू तयार नव्हतास, बेळगावला नोकरी लागली तेव्हा सामानाच्या ट्रकात घालून घेऊन गेलास. पुढचं आपल्याला माहीत नाही, असं मिस्त्री म्हणतात. मी तुझ्याकडे काही मागत नाही. झालं ते कळवलं. वहिनींना नमस्कार.

तुझी (अजून तरी) बहीण,
मुक्ता

ता. क. गुरुवारी आमटीला फोडणी देताना मला तुझा मांडव आठवला. वर शिडीसारखी लोखंडी चौकट, चार आडव्या पट्ट्या, आणि डावीकडे पिळलेली. याला ओळंबा लावला नव्हता का, असं मी मे महिन्यात विचारलं तेव्हा तू माझ्या ताटलीत आणखी एक आंबा ठेवलास. जाई छाट आणि चौकट पहिल्या ट्रकने पाठव. सरळ करून बसवायला जरीनाला आठ दिवस लागतील. बदल्यात मिस्त्रींचा सांगाडा तुझ्या मांडवाला पाठवते. तो सरळ आहे.

दुसरा ता. क. हे लिहिणार नव्हते. नागपूरहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी आप्पा गॅरेजात गेले, गाडीखाली वाकून पाहिलं आणि मिस्त्रींना एवढंच म्हणाले, "काम चांगलं झालंय. मुलाला फार लागलं नाही ना?" म्हणजे पुढची सगळी वर्षं त्या लिंबूवाल्या बाईला ते सरळ खोटं सांगत होते, आणि तुझ्यासाठी. मला कॉलेजातून यायला अर्धा तास उशीर झाला, तर माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. असो. नाव त्यांचंच वाचलं गेलं पाहिजे.

तिसरा ता. क. आणि हा आधी वाच. चौकट आहे तशी पाठव, गंज, माती, कोळिष्टकांसकट. पुण्याला जाणारी वस्तू म्हणून वहिनी ती घासायला घेतील. त्यांना हात लावू देऊ नकोस.