आजारी रजेतला अल्बट्रॉस

मंगळवार, १३ मे. एर्लांगेन, जर्मनी
हेल्गोलांड बेटाच्या कड्यावर अल्बट्रॉस आलाय. पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर सकाळपासून तेवढंच. दक्षिण गोलार्धातला पक्षी, वाट चुकून नॉर्थ सीत. रविवारपासून आहे म्हणे, उद्या असेल की नाही देव जाणे.
रजा शिल्लक नाही, ताईच्या लग्नात उडाली. प्रोबेत्साइट जूनअखेर, तोवर नोकरी कच्चीच. मीरा भाजी चिरता चिरता म्हणाली, "अरे मग सिक टाक ना. इथे लागल्यापासून एकही घेतली नाहीस." खरंच की. पुण्यात मार्च आला की अख्खं ऑफिस आजारी पडायचं, उरलेल्या सिक लीव्ह वाया जाऊ नयेत म्हणून.

बुधवार, १४
साडेसातला बॉसला, केस्लरला, मेल. पोट बिघडलंय, दोन-तीन दिवस येत नाही. दोन मिनिटांत उत्तर: "गुटे बेसरुंग, लवकर बरे व्हा. भरपूर पाणी प्या." चोरट्यासारखं झालं. लेन्स टॉवेलात गुंडाळली. स्टेशनवर टोपी कपाळापर्यंत, ऑफिसातलं कोणी भेटलं तर...
संध्याकाळी कुक्सहाफेन बंदरात. बेटाची बोट सकाळी इथूनच.

गुरुवार, १५. हेल्गोलांड
बोटीत तीनदा ओकलो. पोट बिघडलंय हे आता खोटं नाही.
कड्यावर हजारो गॅनेट पक्षी, वास असा की पुन्हा मळमळ. दोन तास काही नाही. परतीची बोट चारला. वारा इतका की ट्रायपॉड कवटाळून बसलो.
२:४०. खालून वर आला. पंख हलवतच नाही. गॅनेट फडफडतात, हा नुसता वाऱ्यावर टेकून असतो. फोकस सारखा गॅनेटवर पळतोय, शिव्या घातल्या. पांढरं पोट जळू नये म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली. मग वळला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, काळी भुवई, थेट माझ्याकडे. एकच फ्रेम शार्प. एकच. रडलो चक्क. आठ वर्षं कॅमेरा घेऊन हिंडतोय, असं काही माझ्या हातून होईल वाटलं नव्हतं.
बोटीवरूनच ग्रुपवर टाकला. नाव, तारीख, वेळ सगळं.

शुक्रवार, १६. घरी
फोटोखाली कौतुकच कौतुक. एक उवेचं, आमच्याच टेस्टिंगमधला. हाही पक्षीवाला, मला काय माहीत. "सुंदर. गुटे बेसरुंग."
म्हणजे मी सिकवर आहे हे त्याला माहीत आहे.

शनिवार, १७
इथे सिक लीव्हचा कोटाच नसतो. आजारी असाल तर घरी, नसाल तर कामावर. खोटं पकडलं तर त्याच दिवशी नारळ. काँट्रॅक्ट आज नीट वाचतोय, पाच महिन्यांनी. व्हिसाही याच नोकरीवर. गाढव आहे मी.
उवेला फोन केला. "सॉरी. काल कॅन्टीनमध्ये मीच सगळ्यांना दाखवला, फोटो इतका भारी म्हणून. नाव केस्लरने वाचलं."
केस्लरचं मीटिंगचं निमंत्रण आलंच होतं. सोमवार, नऊ. विषयाची जागा रिकामी.
मीराचे डोळे सुजलेत. "मीच नको ते सुचवलं. असं कर, म्हण, फोटो मित्राने काढला, मी नुसता टाकला."

रविवार, १८
फोटो काढून टाकायला दोनदा बोट नेलं. नाही जमलं. अल्बट्रॉस काल उडून गेला म्हणतात.

सोमवार, १९. ८:४०
ऑफिससमोरच्या बाकावर. मीराचं वाक्य जर्मनमध्ये पाठ केलंय, बसमध्ये चार वेळा म्हटलं. नोकरी वाचेल बहुतेक. मग तो फोटो माझा नाही, कधीच नाही.
उवे सायकल लावून आत गेला, नुसती मान हलवली.
८:५५. निघतो. केस्लर विचारणारच, मित्राचं नाव काय. ते अजून सुचलेलं नाही.