तळ्यातली शर्यत

अनसिंग, १९३४

चि. उकंडराव,

"बाई, तुह्या किसनाले मी तळ्यातल्या बेटावर नेतो अन् परत आनतो," तू म्हणाला होतास. पोळ्याच्या शर्यतीत तुमचा तराफा उलटला. तू एकटाच परत आलास आणि गाव सोडलंस. आता समुद्रातल्या बेटावर हवा खायला येणाऱ्या साहेबांच्या शिडाच्या होड्या हाकतोस, दरवर्षी तिथली शर्यत जिंकतोस, असं ऐकते.

आज्याच्या वेळची आपली शर्यत किसनासोबत थांबली, ती यंदा पुन्हा होणार. मला रडू येत नाही, रागही येत नाही. किसनाचा धाकटा भाऊ म्हणतो, "तराफ्यावर मामा मांगं बसला तरच मी जाईन. नाहीतर मले कोन शिकवते, तू?"

भाऊ, ये. त्याच्या मागे बस. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे, तरी ये.

तुझी थोरली बहीण,
प्रयाग