बकऱ्याचे पुढचे पाय

आई, आज वर्गात मी चार जनावरांच्या पुढच्या पायांतली नळीची हाडं मांडली. घोड्याचं एकच जाड हाड, दोन्ही बाजूंना काडीसारखी दोन चिकटलेली. गायीचं दिसायला एक, पण असतात दोन जुळलेली. समोर मधोमध चर असतो आणि खाली दोन खुरांसाठी दोन टोकं. डुकराची चार, कुत्र्याची पाच. मग बकरा आणि मेंढी शेजारी ठेवून विचारलं, फरक सांगा. कुणालाच सांगता येईना. मी म्हटलं, बकऱ्याच्या नळीला अंग असतं, मेंढीची नुसती काडी. एक मुलगी म्हणाली, "सर, ये किस किताब में है?" मी म्हटलं, "किताब में नहीं. खुद सीखा है."

अंग आणि काडीचं ते वाक्य तुझं आहे. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधल्या त्या अरुंद स्वयंपाकघरात बकऱ्याचा पाया शिजायचा, आणि जेवण झालं की तू हाडं ताटाच्या कडेला ओळीने लावायचीस. "आज खाटकाने मेंढी दिली. फसवतो मेला," असं बोट फिरवून सांगायचीस. बाबा हसायचे. मीही हसायचो.

मग मी व्हेटरनरी कॉलेजच्या संग्रहालयात नोकरीला लागलो. डिग्री नाही, पण सांगाडे जोडावेत ते मीच. बकऱ्याचा पहिला सांगाडा उभा केला तेव्हा तुला मुद्दाम दाखवायला आणलं. तू पदर सावरत भोवती एक फेरी मारलीस आणि आमच्या साहेबांनाच म्हणालीस, "साहब, ये आगे की टाँगें बकरे की नहीं हैं. भेड़ की हैं." साहेब मोठ्याने हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, "आई, हे तुझं स्वयंपाकघर नाही." तू म्हणालीस, "बरं बाबा," आणि बसमध्ये फक्त एवढंच विचारलंस, "हाडं जोडायला तार तांब्याची वापरलीस का रे?"

दुसऱ्या दिवशी मी मोजमापं घेतली. बकरा आणि मेंढी एकाच पिंपात उकळली होती, खुणेच्या चिठ्ठ्या सुती दोऱ्याने बांधलेल्या. दोरे सुटले, हाडं मिसळली. मी कुणाला न सांगता दोन्ही नळ्या बदलल्या. तेव्हापासून खुणेलासुद्धा तांब्याचीच तार वापरतो.

आठवड्याने तू विचारलंस, "बघितलंस का रे ते?"

"बघितलं. माझंच बरोबर होतं."

तू म्हणालीस, "असेल. आपल्या गावच्यापेक्षा इकडच्या मेंढ्या वेगळ्या असतील."

तिथेच संपलं असतं तर ठीक होतं. पण त्यानंतर तू ताटाच्या कडेला हाडं लावली नाहीस. पाया आणलास की ओट्यावरून माझ्यापुढे धरायचीस, "बघ रे, बकऱ्याचाच आहे ना?" इतकी वर्षं स्वतःच्या हाताने ओळखणारी तू मला विचारतेयस, आणि मी चष्मा वर सरकवून, उलटसुलट करून सांगतोय, "हो, बकऱ्याचाच."

काढलेल्या त्या दोन नळ्या मी फेकल्या नाहीत. टेबलाच्या खणात एका डब्यात आहेत, हे पत्रही त्यातच ठेवतो. उद्या वर्गातल्या त्या मुलीला खरं सांगेन, असं शेवटी लिहायचं ठरवलं होतं. पण आई, मी स्वतःला ओळखतो. तिने पुन्हा विचारलं, तर बहुतेक मी "खुद"च म्हणेन.