पोटमाळ्याची उंची

लालबाग, मुंबई
ता. १० फेब्रुवारी १९५७

चि. सौ. कमल हीस धोंडूचे अनेक आशीर्वाद. इकडे मी नि धाकटा भाऊ रघुवीर खुशाल. त्याचा खोकला गेला हे आईला आधी सांग, नाहीतर तिचा जीव टांगणीला. गणपतीला येऊन गेलो तेव्हा तू निरोप द्यायला बाहेर आली नाहीस. त्यानंतर तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. असो.

हे पत्र आपल्या पोरीला, बकुळाला वाचायला देऊ नको. तू तिसरी शिकलीस, म्हणून अक्षर मोठं काढलंय.

खोलीत पोटमाळा घालतोय. रघुवीर आणि गावचे दोघे वर झोपतील, खालची जागा मोकळी होईल. शिवाय आतल्या आत मोरी. सिमेंटच्या परमिटसाठी गेलो तर कारकून विचारतो, "बंगला बांधताय काय?" म्हटलं, मोरीचा कठडा. अर्ज ठेवून घेतला, तीन महिने थांबा म्हणाला. सिमेंट सध्या देवालाही मिळत नाही, तर मला कुठचं? मग एका म्हाताऱ्या गवंड्याला गाठलं. तो चुन्यातच करून देतो म्हणतो. चुन्यात गूळ घालतात, ठाऊक होतं तुला? का घालतात विचारलं, तर म्हणे, बाप घालायचा म्हणून. मला काही ते पटलं नाही. पुन्हा विचारणार आहे.

फळ्यांची तीच रड. लालबाग-परळातली असेल नसेल ती फळी इलेक्शनच्या सभांच्या स्टेजला गेली. मीच परवा चार वाहून नेल्या. आपला लवू सुतार म्हणतो, संयुक्त महाराष्ट्र होवक व्हयो, पण पोटमाळोय होवक व्हयो! शेवटी त्याला घेऊन रे रोडच्या वखारी पालथ्या घातल्या. तिथे मोडलेल्या गलबताचं लाकूड मिळालं. एका फळीला नाक लावलं तर लवंगेचा वास! कुठून कुठे फिरलं असेल गं ते? वखारवाल्याला धड सांगता येईना. मी इतकं विचारलं की तो वैतागला.

आता खरी अडचण. खोली दहा फूट उंच. रघुवीर म्हणतो, पोटमाळा खाली घ्या, म्हणजे वर नीट बसता येईल. लवू म्हणाला, खाली उभं कोण राहणार ते सांग. मी तुझं नाव सांगितलं. "वहिनी केवढी उंच?" मी हात खांद्याशी धरला. मग कानाशी नेला. मग खाली घेतला. लवू करवत टाकून हसायला लागला. "मेल्या, बायल तुझीच मां? मगे उंची म्हायत नाय?"

कमल, खरंच ठाऊक नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. दर वर्षाचे बारा-पंधरा दिवस धरले तर आपण पुरते सहा महिनेही एकत्र काढले नाहीत. अख्ख्या गिरणीला प्रश्न विचारत फिरणारा मी, आणि हे एवढंही बघितलं नाही. लाज वाटली.

आणखी एक लिहायचं आहे. दोन वर्षांमागे तू मुंबईला येऊ का म्हणून विचारलंस, तेव्हा मी जागा नाही असं कळवलं. जागा होती. गावचे दोघे तेव्हा खानावळीच्या खोलीत जायला तयार होते, मीच त्यांना थांबवून घेतलं. मला भीती वाटली. गावात मी नवा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन येतो. इथे सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभा असतो, मुकादमाच्या शिव्या खातो. ते तू बघू नयेस, असं वाटायचं. आता वाटतं की तू बघावंस. मला एकट्याने हे जमेनासं झालंय.

सोबत लवूचा सुती दोरा आहे. हाताच्या मापात फसगत होते, मी गिरणीत साच्यावर कापड विणणारा माणूस, दोऱ्यावर विश्वास ठेवतो. भिंतीला टेकून उभी राहा, माप घे, कापून पाठव. यायचं नसेल तर दोरा तसाच परत पाठव, मी समजेन. बकुळाचं नको, ती कमरेएवढी असेल, मला आठवतं.

धोंडू

---

वरचीवाडी, ता. मालवण
ता. २१ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप यांस कमलचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र मीच वाचलं. चार दिवस लागले.

दोरे दोन पाठवते. गाठ मारलेला बकुळाचा. ती माझ्या खांद्याला लागली. कमरेएवढी होती ती मागच्या कधीची.

बिनगाठीचा माझा. तो तुम्ही स्वतःला लावून बघा. तुमच्यापेक्षा दोन बोटं जास्त भरेल. तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुमच्यासमोर मी पदर ओढून मान खाली घालून उभी राहत आले. घरात तशीच रीत होती. माप घ्यायला दोरा आत्याबाईंनीच, तुमच्या आईनेच धरला. दोनदा चुकलं. मग त्या ओरडल्या, "सरळ उभी रव गे!" अकरा वर्षांत या घरात मला असं कोणी पहिल्यांदा सांगितलं. मला रडूच आलं. त्यांच्यासोबतीला त्यांची बहीण येऊन राहणार आहे, काळजी नको.

जागा होती हे वाचून तुमचा फार राग आला. अजून आहे. तिथे आल्यावर भांडेन. टमरेलाचं काय एवढं? बारा दिवसांच्या पाहुण्याचा मला कंटाळा आलाय. रांगेतला माणूस बघायचा आहे.

रघुवीरभावोजींना सांगा, त्यांनी वर वाकून बसावं. पोटमाळा दोऱ्याच्या वरच घाला. खाली येणार असेल तर बोटीची तिकिटं काढू नका. इथे वाकले तेवढं पुरे.

लवंगेच्या वासाची फळी माझ्या डोक्यावर येईल अशी लावा.

आपली,
कमल

ता. क. दोरा भिजू देऊ नका. सुती आहे, आटेल.