बाटलीवरून तुला खाली उतरवलं

आई, तुम्हा झाडपाला ओळखणाऱ्या बायांचं एकच गाऱ्हाणं असायचं: लोक औषध नेतात, सांगितलेलं ऐकत नाहीत. रविवारी सकाळी आपल्या ओट्यावर पार ताम्हिणीपासून काविळीची माणसं येत. तू आधी त्यांची खालची पापणी ओढून डोळा बघायचीस, लघवीचा रंग विचारायचीस, मग भुईआवळी वाटून ताकातून द्यायचीस. आणि प्रत्येकाला बजावायचीस, "तीन दिसांत उतार न्हाई पडला तर माझ्याकडं यायचं न्हाई. पौडला डाक्टरकडं जायचं." मी कॉलेजात चार पुस्तकं वाचून आले आणि तुला अडाणी म्हणाले, तेव्हा तू पाटा धुताधुता एवढंच बोललीस, "व्हय गं बाई. पर मला कुटं थांबायचं ते कळतंय. तुला बोलताना कळतंय का?"

आता ऐक. तुझ्या वर्षश्राद्धाला चौकात फ्लेक्स लावला होता. कासार आंबोलीकडे बंगला बांधलेल्या एका गृहस्थाने त्यावरचा तुझा फोटो उचलला आणि गोळ्यांच्या बाटलीवर छापला. म्हणे तुझ्याच पाल्याने यकृत साफ होतं. बाहेर तुझं हसू, आत काय ते कुठेच धड लिहिलेलं नाही. आणि ती बाटली आपल्याच घरात, देवळीत! वहिनीचे डोळे हळदीसारखे झाले होते, अन्न जात नव्हतं, आणि ती तीन आठवडे त्याच गोळ्या गिळत होती. मी डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, "वन्सं, सासूबाईंचा फोटू हाय त्याच्यावर. त्या माझं वाईट करतील व्हय?" या प्रश्नापुढे गावोगाव केलेली माझी सगळी भाषणं लंगडी पडली.

ग्रामसभेला तो गृहस्थ स्वतः आला, बचत गटातल्या बायकांना विक्रीचं काम द्यायला. मी उठले. सकाळी बांधावरून उपटलेली जुडी उंच धरली आणि गरजले, "हे घ्या यांचं गुपित! भुईआवळी! आपल्या बांधावर फुकट उगवते!" टाळ्या पडल्या. त्या विरायच्या आत शेजारची काकी, तुझ्याबरोबर पाला गोळा करायला जायची तीच, काठी टेकत पुढे आली. तिने माझ्या जुडीतली एक काडी मोडली. पांढरा चीक आला.

"ही दुधी हाय, शाने, रानातलं तण. भुईआवळीला चीक नसतोय. तुझ्या आयनं असलं पाजलं असतं तर निम्मं गाव वकत बसलं असतं!"

सभा खो खो हसली. तो गृहस्थही हसला. "ताई, म्हणूनच हे काम जाणकारांवर सोडा."

आई, मी जुडी खाली ठेवली नाही. "हसा," मी म्हणाले. "मी तिची पोटची पोर. ताजा, हिरवा पाला हातात धरून मला ओळखता आला नाही. मग वाळवून, दळून, गोळीत कोंबलेला तुम्ही कसा ओळखणार? साहेब, तुम्ही जाणकार ना? ओळखून दाखवा."

काकी बाहेर जाऊन खरी भुईआवळी उपटून आली. दोन्ही काड्या त्याच्यापुढे धरून म्हणाली, "मोडायचं न्हाई हां. नुसतं बघून सांगा." त्याने खिशातून मोबाइल काढला.

"रेंज न्हाई हितं!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्याने मोबाइल परत खिशात घातला. तेवढ्यात मागे बायकांत बसलेली वहिनी उठली. अंगात त्राण नव्हतं, तरी भिंत धरत टेबलापर्यंत आली आणि पदराआडून आणलेली बाटली त्याच्यापुढे आदळली. "आदी आमच्या सासूबाईंना ह्याच्यावरनं खाली उतरवा."

जिंकलो, आई! दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पौडला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सगळ्यात आधी त्या गोळ्या बंद केल्या. आज तिचे डोळे पांढरे स्वच्छ आहेत, दोन भाकऱ्या खाते आणि माझ्याशी कडाकडा भांडते. गटाने काम नाकारलं. तुझा फोटो बाटलीवरून गेला. आता जिथे बोलायला उभी राहते तिथे शेवटी एकच मागते: डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासून घ्या. आणि तेवढं बोलून थांबते.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून पुस्तकात ठेवते. गावात अजून बायका विचारतात, "मुद्दामच दुधी आणली होतीस ना? काय डोकं चालवलंस!" मी नुसती हसते. तुला मात्र सांगते, मुद्दाम नव्हती आणली. मला ती खरंच भुईआवळी वाटली होती.