हाक न मारणाऱ्या शेळ्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर सरळ व्हायला हल्ली वेळ लागतो, त्यामुळे हा नमस्कार नेहमीपेक्षा लांबला आहे. त्यात आदर किती आणि कंबर किती, ते तू ठरव.) तुझे गुडघे, तुझं मांजर आणि वरच्या मजल्यावर पहाटे दोरीवरच्या उड्या मारणारे ते गृहस्थ, सगळे आपापल्या जागी ठीक असावेत. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख तेवढं अजून काळं आहे, पण त्यावर एक शेळी उभी राहिली होती आणि तिचा तसा काही हेतू नव्हता.

तू मागच्या पत्रात विचारलंस, की तुम्ही दोघं म्हातारपणी त्या माळावर नक्की करता तरी काय. प्रश्न एका ओळीचा होता, पण त्यातला 'तरी' मला चांगलाच ऐकू आला. तेव्हा सविस्तर लिहितो.

तुला माहीतच आहे, की हिने चौतीस वर्षं इस्पितळात काढली, त्यातली शेवटची बारा हेडनर्स म्हणून. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, विणकाम करतात. ही मात्र तिच्या वडिलांच्या त्या दगडधोंड्यांच्या कुरणावर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चौतीस वर्षं मी हाकेला ओ दिली. आता मला असं जनावर पाळायचंय, जे मला हाक मारणार नाही." मी छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. त्यामुळे वाक्यात चूक नसली, तर मला पुढे बोलायला सुचत नाही. हिच्या वाक्यात चूक नव्हती. अशा रीतीने आम्ही शेळीपालनात पडलो.

शेळ्या मांसासाठीच्या, आणि जात काटक. विकणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला दोन तास फिरवून दाखवलं. यांना काटेरी झुडपं चालतात, पाऊस चालतो, खुरं कापावी लागत नाहीत, जंताचं औषध लागत नाही, विताना कुणी जवळ लागत नाही. कोणतीही अडचण सांगितली, की ते फक्त मान हलवायचे आणि म्हणायचे, "ते त्यांचं त्या बघतात." हिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. वीस शेळ्या आणि एक बोकड घेऊन आम्ही परत आलो. (बोकडाच्या वासाबद्दल ते काही बोलले नव्हते. तेही बहुधा त्याचं तोच बघतो.)

आल्या आल्या हिने नियम केला. गोठ्याच्या खिळ्याला एक वही टांगली, वॉर्डात केसपेपर टांगतात तशी. ज्या शेळीला माणसाची मदत लागेल, तिच्या नावापुढे, म्हणजे नंबरापुढे, एक फुली. दोन फुल्या झाल्या, की ती व्यापाऱ्याच्या गाडीत. असं केलं तरच कळप काटक राहतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं आणि ते खरंही असावं. या नियमाने माझी दुसरी फुली लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पडली असती. मी तसं बोललो नाही, पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून हे तिलाही सुचलं असावं. नावं ठेवायची नाहीत, हा दुसरा नियम. नाव ठेवलं, की जनावर हाक मारायला शिकतं म्हणे.

पहिले काही महिने मदत लागली ती फक्त मलाच. कुंपण विजेच्या तारेचं आहे, बॅटरीवर चालणारं. त्याच्याबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं. त्यात 'तारेस स्पर्श करू नये' याच्या जागी 'तारेस स्पर्श करून ये' असं छापलेलं होतं. एका मोकळ्या जागेची चूक, पण केवढी. मला इतका आनंद झाला, की खिशातली पेन्सिल काढून दुरुस्तीची खूण करायला मी जरा मागे टेकलो. तारेला. त्यानंतर मी जे बोललो, त्यात दुरुस्त करण्यासारखं पुष्कळ होतं. शेळ्या रांगेत उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यापैकी एकीनेही पुढे कधी त्या तारेला तोंड लावलं नाही, याचं श्रेय ही कुंपणाला देते. मला निदान निम्मं मिळायला हवं होतं.

मग जनावरांच्या डॉक्टरांची भेट झाली. पहिल्यांदा ते नुसतेच ओळख करून घ्यायला आले होते. आम्ही आत चहा घेत असताना चार शेळ्या त्यांच्या गाडीच्या टपावर चढल्या आणि टपाला न्हाणीघरातल्या मोरीसारखा खोलगट आकार आला. डॉक्टर चहाबद्दल आभार मानून निघून गेले. भला माणूस. तेव्हापासून ते गाडी फाटकाबाहेर लांब लावतात आणि बॅग घेऊन चालत येतात.

आता खरी गोष्ट सांगतो. शेळ्या व्यायला लागल्या आणि विकणाऱ्या गृहस्थांचं बोलणं शब्दशः खरं निघालं. सकाळी उठून बघावं, तर झुडपाआड दोन करडं उभी. चाटूनपुसून स्वच्छ, दूध पिऊन मोकळी. ही दुरून बघायची, वहीत नंबर टाकायची आणि परत यायची. एक दिवस सकाळी बारीक पाऊस होता. हिने मला कुरणाच्या टोकाला तार ढिली झालीय का ते पाहायला पाठवलं. तिथे एका खडकाच्या आडोशाला एक शेळी व्याली होती. तिला तीन झाली होती. दोघांना ती चाटत होती. तिसऱ्याला तिने हुंगलं आणि शिंगाने बाजूला सारलं, आपण नको असलेलं ताट सारतो तसं. ते चिखलात पडून राहिलं. ओरडलंही नाही.

ताई, नियम मला पाठ होता. मी तो एकदा मनात म्हटला. मग कोट काढला, करडू त्यात गुंडाळलं आणि शेळीच्या पहिल्या दुधाची, म्हणजे चिकाची, सोय करायला गेलो. चीक मिळाला नाही तर करडू जगत नाही, एवढं मी एका पुस्तकाची मुद्रितं तपासताना वाचलं होतं. (त्या पुस्तकात 'चीक'चा 'ची' सगळीकडे ऱ्हस्व पडला होता, म्हणून लक्षात राहिलं.) एका हाताने शिंग धरून दुसऱ्या हाताने, थर्मासच्या झाकणात, कधीही न केलेलं काम करायचं म्हणजे काय, ते लिहून कळणार नाही. अंगठ्याची कथा तिथलीच. पण अर्धं झाकण चीक मिळाला. कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजला. करडाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मिटले. फारशी छाप पडली नसावी.

घरी येऊन मी हिला सांगितलं, की तार ठीक आहे. करडू औजारांच्या खोलीत, खोक्यात, कोटासकट ठेवलं. कोट कुठे आहे म्हणून तिने विचारलं, तर म्हटलं, वाळत घातलाय. मग मी हाडांसाठी दूध प्यायला लागलो. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार. पेला घेऊन मी अंगणात जायचो आणि रिकामा घेऊन परत यायचो. लग्नाच्या छत्तीस वर्षांत दुधाला न शिवलेला माणूस दिवसाला तीन पेले पितोय आणि जिने आयुष्यभर माणसांच्या खाण्यापिण्याचे तक्ते ठेवले, ती बाई एक शब्द बोलत नाही. मी समजलो, माझी युक्ती साधली. खरं तर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

कारण याच सुमाराला तिला कुंपणाच्या बॅटरीची फार काळजी वाटायला लागली होती. बॅटरी औजारांच्या खोलीत असते. ती सकाळी सहाला बॅटरी बघायची, दहाला बघायची, दोनला बघायची, संध्याकाळी सहाला बघायची. मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणसाला कसले कसले छंद लागतात. आणि तिला करडू दिसू नये म्हणून मी खोक्यावर एक पोतं टाकून ठेवलं. ते पोतं दर खेपेला व्यवस्थित घडी घातलेलं मिळायचं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. छापखान्यात मला साहेब 'घारीची नजर' म्हणायचे. असो.

नवव्या दिवशी करडू उठेना. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, मागचं अंग घाण झालेलं, मान कोटावर टाकलेली. मी फाटकापाशी जाऊन डॉक्टरांना फोन केला आणि विनवलं, की या, पण घरात कळता कामा नये. ते नुसतं "बरं" म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा हसू होतं, ते मला तेव्हा आवडलं नाही.

डॉक्टर आले. मी त्यांना मागच्या बाजूने औजारांच्या खोलीत नेलं. त्यांनी खोक्यात पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "दुसरं कुठंय?"

"दुसरं कुठलं? एकच आहे."

"मला तर दोन फोन आले. दोन करडं, दोघांना पोटफुगी आणि दोन्ही घरात कळता कामा नयेत. मी औषधं दोघांची आणलीत. हे कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"माझं," दारातून आवाज आला.

ही दारात उभी होती. हातात दुधाची बाटली, बाटलीवर पट्टी चिकटवलेली आणि पट्टीवर तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: कॉट नंबर सात. (या मोसमातलं ते सातवं करडू.) डॉक्टरांनी विचारलं, दूध किती देत होता. मी म्हणालो, तीन वेळा. ही म्हणाली, चार वेळा. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे सात वेळा. आईने टाकलं ते यानं सोसलं असतं. तुम्ही दोघांनी मिळून मारायला घेतलंत." ते हे रागाने बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

दिवसभर दूध बंद. साखरमिठाचं पाणी, चमचा चमचा, दर अर्ध्या तासाने. आम्ही दोघं उलट्या बादल्यांवर बसलो. मी करडाला मांडीवर धरलं होतं. ही घड्याळ बघून त्याचे श्वास मोजत होती आणि मला बसण्याची पद्धत शिकवत होती. दुपारी ती म्हणाली, "चौतीस वर्षांत माझ्या वॉर्डात एका पेशंटला दोन ड्यूट्या एकमेकींना न कळवता लागल्या नव्हत्या." मी म्हटलं, तुझा तर नियम होता. हाक मारणारं जनावर नको म्हणालीस ना?

"यानं कुठे मारली?" ती म्हणाली. "नुसतं पडून होतं. हाक मारणाऱ्यांना कुणीतरी येतंच गं बाई, असं आम्ही नव्या पोरींना सांगायचो. गप्प असलेल्याकडे आधी जायचं."

मग ती उठली आणि पाणी गरम करायला गेली. डोळ्यांना काही झालं होतं की नाही, ते मला दिसलं नाही. तिने पाठ केली होती.

चार वाजता करडाने शेपटी हलवली. साडेचारला ते माझ्या मांडीवर जे काही करायचं ते भरपूर करून मोकळं झालं. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, अभिनंदन. असल्या गोष्टीबद्दल माझं याआधी कुणी अभिनंदन केलं नव्हतं.

आता तो पाच महिन्यांचा खच्ची बोकड झाला आहे. कळपात चरतो, काटे खातो, कुणाची मदत मागत नाही. अंगाने इतरांपेक्षा थोराडच आहे (सात वेळा दूध कुठे जाणार). वहीत मात्र त्याच्या नंबरापुढे दोन फुल्या आहेत. एक आईने टाकल्याची, एक आजाराची. दोन्ही हिच्याच हातच्या. पुढच्या महिन्यात व्यापाऱ्याची गाडी येणार. मी एकदा विषय काढला. ती म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा." आणि आठवडाभर घरातली सगळी भांडी आपटत राहिली.

तर हे असं चाललं आहे. आम्ही मजेत आहोत, तू काळजी करू नयेस. (यातला 'करू' आणि 'नयेस' वेगवेगळे वाचावेत.) मांजराला गोंजार, वरच्या गृहस्थांना दोरीवरच्या उड्या जपून मारायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. एक छोटं काम होतं, ते वर लिहायचं राहिलं. खरं म्हणजे त्यासाठीच पत्राला बसलो. तू हिला एक वेगळं पत्र लिही आणि कळव, की तुझ्या परसात पाळायला तुला एक बोकड हवा आहे, आणि तो सात नंबरचाच हवा आहे. घाबरू नकोस, तुला बोकड मिळणार नाही. तू हिचं शिवणयंत्र मागितलं होतंस, ते आठवतं ना? त्याआधी अकरा वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. तू मागितलंस त्या दिवसापासून ते बैठकीच्या खोलीत, भरतकामाच्या कापडाखाली, देव्हाऱ्यासारखं मांडून ठेवलेलं आहे. तू मागितलेली वस्तू या घरातून बाहेर जात नाही, हा हिचा सगळ्यात जुना नियम आहे आणि तो वहीतल्या नियमापेक्षा पक्का आहे. जरा हक्काने माग. नणंदेसारखं.

ता. क. २. हे तिला कळू देऊ नकोस.

*

वन्संना नमस्कार.

पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, कारण डिंक कुठे असतो ते यांना ठाऊक नाही. सात नंबर कुठेही जात नाही. मंगळवारीच व्यापाऱ्याला सांगून टाकलं, की एक कमी येईल. मी भांडी आपटत होते, कारण ही गोष्ट यांना कोणत्या तोंडाने सांगावी ते कळत नव्हतं.

तुम्ही मात्र पत्र लिहाच, चांगलं दोन पानी. मी ठाम नाही म्हणेन, तुम्ही थोडं वाईट वाटून घ्या. यांना वाटू दे, की यांनी जमवलं. फार दिवसांनी यांचा चेहरा तसा दिसेल.

आणि शिवणयंत्र खरंच हवं असेल, तर ते वेगळ्या कागदावर लिहा. ते पत्र मी यांना दाखवणार नाही.