प्रूफ बरोबर आहे, भाऊ

६ एप्रिल
आजपासून राग बंद.
काल व्यापारी मंडळाच्या शिबिरात ट्रेनर म्हणाला, राग आला की एक ग्लास पाणी प्या आणि रोज मनातलं लिहून काढा. पोरगा माझ्या निम्म्या वयाचा. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये टाय लावून आलेला. तरी मी त्याला काही बोललो नाही. मुळात मी रागीट नाहीच, स्पष्टवक्ता आहे. इतकी वर्षं प्रेस चालवतोय, लग्नपत्रिका छापतोय. काकाचं नाव खाली गेलं, जावयाचं राहिलं म्हणून रुसलेली माणसं रोज बघतो. भावनांबद्दल मला कोणी शिकवायची गरज नाही.
घरी सरिताला सांगितलं, मी बदललो. बायको बरं म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

९ एप्रिल
प्रेसमध्ये फारच फरक. मी माठाकडे निघालो की लहानू कटिंग मशीनच्या मागे जातो, राकेश कॉम्प्युटरमध्ये डोकं घालतो, काउंटरवरची सपना फोन उचलते. वाजलेला नसला तरी उचलते. शिस्त म्हणतात ती ही.
दिवसभरात राग एकदाच आला. राकेशने बॅनरचा निळा रंग जांभळा केला. लगेच माठाकडे गेलो. माठ रिकामा. मग जे काही बोललो ते माठाबद्दल बोललो. राकेशने मनाला लावून घेतलं, त्याला मी काय करणार.

१२ एप्रिल
अंकिताचं लग्न आठ मेला. पोरीच्या पत्रिकेचं मॅटर मी स्वतः लिहिलं. बाबारावचं नाव टाकलं नाही. सख्खा मोठा भाऊ असला म्हणून काय झालं? बाबांच्या तेरवीला भर पंगतीत, जावयांसमोर, मला म्हणाला, बंडू, तू गप बस. तेव्हापासून मी गावी, आंजीला, पाय ठेवला नाही. गप बसलोय.
अंकिताने मॅटर वाचलं आणि रडायला लागली. म्हणे, मोठ्या बाबांचं नाव नसन तर पत्रिकाच नको, अन् ते आले नाई तर मी मांडवात उभीच राहणार नाई. सायकल त्यांनी शिकवली म्हणे. दर हप्त्याला वांगी पाठवतात म्हणे. हे मला आजच कळलं. मी कोणाची वांगी खात होतो?
ओरडलो. पण पाणी आधी प्यायलो होतो, हे नोंदवून ठेवतो.

१३ एप्रिल
मन मोठं केलं. पोरीसाठी बाप काय काय करतो.
आशीर्वादाच्या ओळीत मी आमच्या बाबांचं नाव टाकलं होतं, स्व. रामाजी. ते वर 'यांची नात' मध्ये आलेलंच आहे. म्हणून खालचं रामाजी खोडलं आणि त्यावर बाबाराव लिहिलं. लिहिताना पेनने कागद थोडा फाटला. उद्याच्या जयंतीचे बॅनर न्यायला दारात गर्दी. कागद राकेशच्या टेबलावर टाकला आणि सांगितलं, जसं लिहिलंय तसं छाप, एक अक्षर इकडचं तिकडे नको, आणि मला प्रश्न विचारू नको.
मोठेपणा घेतला की हलकं वाटतं.

१५ एप्रिल
राकेश प्रूफ घेऊन बराच वेळ टेबलाशी उभा. म्हणे, भाऊ, तुम्हीच एकडाव पाहून घ्या ना, त्या मोठ्या भाऊंच्या नावापाशी... मी उठलो आणि माठाकडे गेलो. परत येईपर्यंत तो जागेवर जाऊन बसलेला. काय म्हणत होता, विचारलं. म्हणे, काई नाई भाऊ, बरोबर आहे.
पाण्याचा परिणाम. भांडण होण्याआधीच मिटलं. न वाचताच सही केली. ते नाव पुन्हा बघायची इच्छा नव्हती.

१८ एप्रिल
पत्रिका तयार. कागद एक नंबर. अंकिता खरेदीला नागपूरला, म्हणून आधी सरिताला दाखवली. तिने वाचली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, असंच ठेवायचं का? मी म्हटलं, टाकलं ते टाकलं, आता बदल नाही. ती पत्रिका खाली ठेवून आत जाऊन पडली.
लेकीचं लग्न. आईचं मन भरून येणारच.

१९ एप्रिल
आंजीला गेलो. पहिली पत्रिका देवापुढे, दुसरी बाबारावला. हळद, कुंकू, अक्षता, सगळं रीतसर. गाडीवर पाठ करत गेलो: दादा, मी सगळं विसरलो.
बाबाराव अंगणात बाजारासाठी वांगी निवडत होता. फार थकलाय. मी वाकलो तर त्याने हात धरून उठवलं. डोळ्यांत पाणी. म्हणे, किती बारीक झाला रे बंडू. माझं पाठ केलेलं वाक्य काही निघालं नाही.
चष्मा नव्हता म्हणून त्याने पत्रिका वहिनीकडे दिली. वाच वं, म्हणे, मह्यं नाव कुठी आहे ते वाच. कमलावहिनी मोठ्याने वाचत आली आणि थांबली. तो म्हणे, वाच ना, काऊन थांबली? ती वाचेना. मग त्यांच्या हर्षितने घेतली. पोराने तोंडातल्या तोंडात वाचलं आणि बापाकडे बघितलं.
आशीर्वाद, स्व. बाबाराव.
बाबारावने पुन्हा वांगी निवडायला घेतली. जरा वेळाने म्हणाला, मले मारूनच आवतन द्यायले आला का रे?
मी म्हटलं, चूक झाली, माझी माणसं बेपर्वा आहेत. तो म्हणे, तुह्या प्रेसमधी कोणी वाचत नाई का?
वहिनीने पाणी दिलं नाही. मीही मागितलं नाही.

२० एप्रिल
राकेशला सगळ्यांसमोर विचारलं, दिसलं नाही का? आवाज चढला असेल. तो खाली बघून म्हणाला, दिसलं ना भाऊ. मले वाटलं, तुम्ही रागानं मुद्दामच लिहिलं असन. लहानूलाही तेच वाटलं होतं. सपनालाही.
घरी सरिताला विचारलं. तीही तेच म्हणाली.
जिवंत भावाला मी मेलेला छापीन, असं माझ्या माणसांना वाटलं. ही चूक असेल असं एकालाही वाटलं नाही. फार लागलं. जेवलो नाही.
अंकिताने विचारलं, बाबा, चुकून झालं ना? हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं.

२१ एप्रिल
अंकिता एकटीच आंजीला जाऊन आली. मोठे बाबा म्हणे, बिनचुकीची पत्रिका येऊ दे, मग पाहू. म्हणजे येतील. आता चूक होता कामा नये. आणि चूक दिसली तर माणसांनी मला सांगितली पाहिजे. सांगतील. मी कुठे खातो कोणाला?

२२ एप्रिल
नवं प्रूफ स्वतः काढलं. माणसांची परीक्षा घ्यायची म्हणून लग्नाची तारीख मुद्दाम आठ एप्रिल टाकली. ती होऊन गेली, आंधळ्यालाही कळेल.
राकेशला शेजारी खुर्ची दिली, चहा मागवला. अगदी हळू आवाजात सांगितलं, वाच आणि चूक दाखव, मी रागावणार नाही. तो बोट ठेवून वाचत गेला. बोट तारखेवर थांबलं. त्याने मान वर केली. माझा घसा कोरडा पडला होता, म्हणून मी नुसतं माठाकडे बघितलं.
तो म्हणाला, बरोबर आहे, भाऊ.